माकडताप: नाव माकडाचं, काम गोचिडीचं

जानेवारी उजाडला की दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या काजूबागांमध्ये झाडाखालची सफाई सुरू होते. वाळलेला पातेरा गोळा करायचा, गवत काढायचं, म्हणजे पुढे बोंडं पडू लागली की काजूबी वेचणं सोपं जातं. नेमक्या याच दिवसांत, याच पातेऱ्यात, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा आठ पायांचा एक जीव रक्ताची वाट बघत बसलेला असतो. ती गोचिडीची पिल्लावळ. तिच्यातल्या एखादीच्या पोटात विषाणू असेल आणि ती माणसाला चावली, तर आठवडाभरात माणूस अंथरुणाला खिळतो. या आजाराला कोकणात म्हणतात माकडताप.

वैद्यकीय पुस्तकांत त्याचं नाव 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज', म्हणजे केएफडी. कन्नडमध्ये 'मंगन कायिले'. 'मंग' म्हणजे माकड. मराठी आणि कन्नड, दोन्ही नावांनी माकडाला आरोपी केलं आहे. प्रत्यक्षात माकड हे या आजाराचं बळी आहे, आणि माणसाच्या आधी मरून ते धोक्याची सूचनाही देतं.

क्यासनूरच्या जंगलात काय घडलं?

क्यासनूर हे जंगल कर्नाटकातल्या (तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या) शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात आहे. १९५७च्या सुरुवातीला तिथे माकडं मरून पडलेली दिसू लागली आणि आसपासच्या गावांत लोक तीव्र तापाने आजारी पडू लागले. बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत पोहोचली. हे केंद्र १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून सुरू केलं होतं. आज ते राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजेच एनआयव्ही, या नावाने ओळखलं जातं.

पहिली शंका भयंकर होती: पीतज्वर. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत हा डासांमुळे होणारा आजार माणसांबरोबर माकडांनाही होतो. दक्षिण अमेरिकेत तर जंगलात माकडं मरणं ही पीतज्वराची ओळखीची खूण. भारतात हा आजार कधी आलेला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र गावोगाव होता. पीतज्वर भारतात शिरला असता तर काय झालं असतं, या विचारानेच तेव्हाच्या शास्त्रज्ञांची झोप उडाली असणार.

टेलफोर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मेलेल्या माकडांच्या आणि आजारी माणसांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं नातं निघालं थेट रशियाच्या जंगलांतल्या मेंदूज्वराशी, जो डासांमुळे नव्हे, गोचिडींमुळे पसरतो. मग जंगलातल्या गोचिडी गोळा करून तपासल्या गेल्या आणि मुख्य वाहक सापडली: 'हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा'. पुढे आणखी अनेक जातींच्या गोचिडींत हा विषाणू सापडला, पण पश्चिम घाटात माणसाला होणाऱ्या लागणीत हीच जात पुढे आहे.

हे काम करणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. हा विषाणू प्रयोगशाळेतही सहज लागण करतो, त्यामुळे त्या काळात प्रयोगशाळेतले अनेक कर्मचारी या तापाने आजारी पडले. आज या विषाणूवर काम करायला विशेष सुरक्षित प्रयोगशाळा लागते, त्यामागे हा अनुभव आहे.

रशियातून पक्ष्यांनी आणला का?

रशियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्यात कसा? एक तर्क असा होता की हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला असावा. हा तर्क तपासण्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९पासून पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याला आधी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. नंतर अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका प्रकल्पाचा पैसाही आला. भारतातल्या पक्ष्यांच्या आणि त्यांच्यावरच्या गोचिडींच्या माहितीत अमेरिकी लष्कराला इतका रस कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला आणि १९७०च्या दशकात हा विषय संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला.

पक्ष्यांनी हा विषाणू रशियातून आणल्याचं काही सिद्ध झालं नाही. मात्र भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दल जी पायाभूत माहिती आज आहे, तिचा मोठा भाग या तापाच्या शोधातून हाती आला, ही यातली गंमत.

विषाणूचं सर्वांत जवळचं नातं पुढे भलतीकडेच सापडलं. १९९५मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात एका खाटकाच्या रक्तातून 'अलखुर्मा' नावाचा विषाणू मिळाला. तो क्यासनूरच्या विषाणूचा जवळजवळ जुळा भाऊ. या दोघांची वाट कधी वेगळी झाली, याचं २०११च्या एका जनुकीय अभ्यासाने काढलेलं उत्तर सुमारे ७०० वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे १९५७मध्ये हा विषाणू जन्मला नाही, तेव्हा तो फक्त माणसाला भेटला.

तीन जेवणांचं आयुष्य

माकडताप कधी, कुठे आणि कोणाला होतो, हे समजून घ्यायचं तर गोचिडीचं आयुष्य पाहावं लागतं. गोचीड हा कीटक नाही. कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातला हा जीव. अंड्यातून बाहेर येते ती सहा पायांची अळी, खसखशीच्या दाण्याएवढी. ती एखाद्या प्राण्याचं रक्त पिते, खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. पिल्लू दुसऱ्या प्राण्यावर चढतं, रक्त पितं, पुन्हा खाली पडतं आणि पूर्ण वाढ झालेली गोचीड बनतं. ती तिसऱ्या प्राण्यावर चढते. मादी पोटभर रक्त पिऊन टम्म फुगते, जमिनीवर पडते, एकगठ्ठा अंडी घालते आणि मरते. अख्ख्या आयुष्यात तीनच जेवणं, आणि बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या प्राण्यांवर. रोग पसरवायला यापेक्षा सोयीची रचना शोधून सापडणार नाही, कारण पहिल्या जेवणात पोटात गेलेला विषाणू कात टाकल्यावरही टिकून राहतो आणि पुढच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्या प्राण्यात उतरतो.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर टपकतही नाही. गवताच्या पात्यावर किंवा वाळक्या पानाच्या कडेवर ती पुढचे पाय पसरून बसते. त्या पायांवर वास, उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपणारं इंद्रिय असतं. जवळून कोणी गेलं की ती त्याला बिलगते. चावल्याचं कळत नाही, कारण तिच्या लाळेत वेदना दाबणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात.

या जातीच्या गोचिडींचं वर्ष पावसाला बांधलेलं आहे. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गाईगुरांवर दिसतात. पाऊस ओसरला की अळ्या बाहेर पडतात. डिसेंबर ते मे हा पिल्लांचा काळ, आणि माणसाला धोका मुख्यतः या पिल्लांपासून. गुरांवरची फुगलेली गोचीड कोणालाही दिसते. राजगिऱ्याएवढं पिल्लू पायावर चढलेलं कळतही नाही. काजूचा हंगाम, सुपारीच्या बागेतली कामं, सरपण आणणं, पातेरा गोळा करणं, हे सगळं याच महिन्यांत येतं. माकडतापाचे रुग्णही बहुतेक जानेवारी ते मे या काळातच सापडतात. पाऊस सुरू झाला की साथ थांबते.

माकड का मरतं?

दक्षिणेतली दोन माकडं या विषाणूला सहज बळी पडतात: काळ्या तोंडाचा वानर आणि लाल तोंडाचं टोपीवालं माकड. यांच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो. त्या दिवसांत अंगावर चढलेली प्रत्येक गोचीड विषाणू घेऊन उतरते. माकड मेलं की शरीर थंड पडतं आणि अंगावरच्या गोचिडी एकदम सोडून जातात. ज्या झाडाखाली माकड मेलं, तिथली जमीन पुढचे काही महिने धोक्याची होते. मेलेलं माकड हा गावासाठी इशारा असतो तो या अर्थाने.

आजार माकडाकडून थेट माणसाला होतो, असं मात्र नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. माणसाच्या शरीरात विषाणूचा प्रवास संपतो. तरीही 'माकडताप' या नावाचा परिणाम होतोच. माकडं आधीच नारळ-केळीची नासधूस करतात म्हणून कोकणातल्या शेतकऱ्याच्या मनातून उतरलेली. त्यात तापाचं खापरही त्यांच्यावर फुटतं. माकडं हुसकावून विषाणू जात नाही. तो उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींमध्ये फिरत राहतो. माकडं किती महत्त्वाची आणि हे लहान प्राणी किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे. काहींच्या मते माकडं मरताना दिसतात म्हणून त्यांना जरा जास्तच महत्त्व मिळालं.

गाईंची भूमिका आणखी वेगळी आहे. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, त्यामुळे गाय विषाणूचा साठा होत नाही. पण मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त देऊन त्यांची संख्या वाढवते ती गायच. जंगलात चरायला जाणारी गुरं संध्याकाळी गोठ्यात परततात, आणि पुढच्या पिढीची अंडी जंगलाच्या कडेला, वाटेवर, गोठ्याजवळ पडतात. हॉर्हे बोशेल या संशोधकाने १९६०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की शेतीसाठी जंगल तोडणं आणि त्यात गुरं सोडणं यातून या आजाराला वाट मिळाली.

अलीकडच्या अभ्यासांनी या तर्काला नकाशावर उतरवलं. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केलेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की सर्वाधिक धोका घनदाट जंगलाच्या गाभ्यात नसतो. दमट सदाहरित जंगल आणि बागायती एकमेकांत मिसळलेल्या, देशी गुरं भरपूर असलेल्या भागात तो असतो. कर्नाटकातल्या २०११-१२च्या साथीत आजारी आणि निरोगी लोकांची तुलना झाली, तेव्हा घराभोवती वाळक्या पानांचे ढीग असणं हाही एक धोक्याचा घटक निघाला. जंगलात पाऊल न टाकणाऱ्या बाईलाही माकडताप का होतो, याचं उत्तर त्यात आहे: जंगल पातेऱ्याबरोबर गोठ्यात येतं.

शिमोग्यातून सिंधुदुर्गात

पहिली काही दशकं हा कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांचा आजार मानला जाई. शिमोग्यातून तो उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी, चिक्कमगळूरु असा सरकत गेला, पण राज्याबाहेर फारसा कोणी त्याचा विचार केला नाही. २०१२मध्ये तो बंदीपूर आणि निलगिरी परिसरात दिसला, त्यानंतर केरळच्या वायनाड भागात. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूबागांत काम करणारे लोक आजारी पडले. २०१६मध्ये महाराष्ट्राची पाळी आली: दोडामार्ग तालुक्यातलं केर गाव. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात मोठी साथ आली.

विषाणू खरंच नव्या प्रदेशात पोहोचला, की तिथे आधीपासून होता आणि आता तपासणी सुरू झाल्यामुळे दिसला? बहुधा दोन्ही. १९५०च्या दशकात पुण्याच्या केंद्राने केलेल्या रक्ततपासण्यांत सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तातही या गटातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती, आणि तिथे साथ कधीच आली नव्हती. ताप येतो, रुग्ण बरा होतो किंवा दगावतो, आणि कागदावर 'अज्ञात ताप' एवढीच नोंद राहते. खेड्यापाड्यांत हे काही नवीन नाही.

लक्षणं आणि निदान

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं. कंबर, मान आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की उठवत नाही. डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. बहुतेक जण दोनेक आठवड्यांत सावरतात, पण थकवा बराच काळ राहतो. १० ते २० टक्के रुग्णांत फसवा प्रकार घडतो: ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं, आणि मग पुन्हा ताप चढतो. या वेळी सोबत भ्रम, कंप, दृष्टीचा त्रास अशी मेंदूशी संबंधित लक्षणं असतात. मृत्यूचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के मानलं जातं.

सुरुवातीची लक्षणं डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टोसारखीच. रक्तात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसतात, म्हणून संशय आधी डेंग्यूवर जातो. फरक सांगणारा प्रश्न साधा आहे: गेल्या दहा-पंधरा दिवसांत जंगलात, बागेत, पातेऱ्यात काम केलं होतं का, आणि आसपास माकड मेलं होतं का? पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो, नंतर प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. विषाणूला मारणारं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं, ताप पॅरासिटामॉलने उतरवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. अ‍ॅस्पिरिन टाळतात, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

देशात या विषयात दुसरीही गोचीड आहे. जानेवारी २०११मध्ये गुजरातमध्ये साणंदजवळच्या कोलाट गावात 'क्रिमियन काँगो' तापाची भारतातली पहिली निश्चित नोंद झाली. निदान एनआयव्हीतच झालं. तो विषाणू 'हायलोमा' जातीच्या गोचिडींतून येतो आणि माकडतापासारखा माणसापाशी थांबत नाही. रुग्णाच्या रक्तातून तो उपचार करणाऱ्यांना होतो, आणि गुजरातमध्ये तसं झालंही. गुराढोरांवरची गोचीड हातांनी चिरडण्याची सवय धोक्याची आहे ती याच कारणाने. जनावरांना होणारा गोचीडताप तर पशुपालकांच्या ओळखीचाच. अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांच्या अशाच एका तापावरून १८९३मध्ये दाखवून दिलं की गोचीड रोग पसरवते. रोनाल्ड रॉस यांना डासात मलेरिया सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी.

गोचीड चावलेली दिसली तर

रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं, तेल लावणं, हे सगळे घरगुती उपाय उलटे पडू शकतात, कारण त्रास झालेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, आणि जागा साबणाने धुवायची. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. ऐकायला सोपं आहे. एप्रिलच्या उकाड्यात डोंगरउतारावर काजू वेचणाऱ्या बाईला हे रोज जमतं का, हे तिलाच विचारावं. म्हणून आरोग्य खातं हातापायांना चोळायचं तेल वाटतं. डीआरडीओने शोधलेलं 'डेपा' हे रसायन त्यासाठी वापरलं जातं. ते लावल्यावर गोचीड काही तास जवळ येत नाही.

लस होती, आता नाही

कर्नाटकात १९९०पासून या आजारावर लस दिली जात होती. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून, फॉर्मेलिनने निष्क्रिय करून ती बनत असे. २००५ ते २०१० या काळातल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि त्यावर बूस्टर घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. पण संरक्षण टिकवायला पुढे वर्षानुवर्षं बूस्टर घ्यावे लागत. सुई दुखायची. रोजंदारी बुडवून, दुखणारी सुई टोचून घ्यायला लोक पुन्हा पुन्हा येत नसत. पुढे लसीची क्षमताच कमी पडत असल्याचं दिसलं आणि २०२२मध्ये तिचा वापर थांबला. आता वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नव्या, दोन डोसांच्या लसीवर काम करत आहेत.

तोवर पाळत हेच मुख्य साधन. ती दोन प्रकारे चालते. हिवाळा सुरू झाला की पथकं जंगलाच्या कडेने पांढरं फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून ओढत नेतात. त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून कुपीत भरल्या जातात आणि प्रयोगशाळेत तपासल्या जातात. दुसरा प्रकार गावकऱ्यांवर अवलंबून आहे: माकड मेलेलं दिसलं की हात न लावता वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. मग पशुवैद्यक नमुने घेतात, माकड जाळलं जातं, आजूबाजूला मॅलेथिऑनची भुकटी टाकली जाते आणि त्या भागात जाऊ नका असं गावात सांगितलं जातं. काजू पडायला लागलेल्या बागेच्या मालकासाठी या शेवटच्या वाक्याचा अर्थ हंगाम बुडणं असाही होऊ शकतो, आणि काही वेळा मेलेलं माकड गुपचूप पुरलं जातं ते त्यामुळेच.